कमळाचं विरजण

पालेगावात आमचं घर होतं तिथे आता बावीस मजले उभे आहेत. त्यातल्या नवव्यावर मी राहतो. घर गेलं, गोठा गेला, दोन वर्षांपूर्वी माझी बायको कमळा गेली. राहिलं ते तिचं विरजण. माहेराहून आणलेलं, चाळीस वर्षं न तुटलेलं. रोज संध्याकाळी मी स्वतः दूध विरजायचो. सकाळी चमचाभर दही तोंडात टाकलं की वाटायचं, कमळा ओट्याशीच उभी आहे. तिच्या घरचं दही मी डोळे झाकून ओळखेन, असं सगळ्या सोसायटीला सांगून झालं होतं.

गेल्या महिन्यात दही लागेना. पहिल्या दिवशी दूधवाल्याला झापलं, दुसऱ्या दिवशी वाटी घासणाऱ्या बाईला. तिसऱ्या दिवशीही वाटीत पांचट पाणी बघितलं आणि लेकीला हाक मारली.

माझी लेक जिज्ञासा अंबरनाथ एमआयडीसीत दह्याच्या कारखान्यात लॅब सांभाळते. तिने त्यातलं थोडं तपासायला नेलं आणि तोंड पाडून परत आली. म्हणाली, दही लावणाऱ्या जिवाणूंनाही विषाणू लागतो. कारखान्यात तो असतोच, बहुतेक तिच्याच कपड्यांवरून घरी आला. त्याच्यावर उपाय म्हणून सहा वर्षं खपून तिने एक यंत्र बनवलंय. ते दोन वेगळ्या जातींची विरजणं पाळीपाळीने वापरतं. एकाला लागणारा विषाणू दुसऱ्याला लागत नाही, मग तो टिकत नाही.

"जगाचं दही वाचवतेस आणि आईचं मारलंस," मी बोलून गेलो.

पोरगी रडली. मला माझीच लाज वाटली. बिघडलेली वाटी ओतायला उठलो तर तिने हात धरला. यात एखादा चिवट जीव वाचला असेल, त्याच्यापासून पुन्हा वाढवता येईल, म्हणाली. पण खात्री नाही. मग विचारलं, आईने कुणाला विरजण दिलं होतं का?

दिलं असेल तर एकीलाच. गोजर, माझी बहीण. जमीन विकताना मी तिला विचारलंसुद्धा नाही, तेव्हापासून बारा वर्षं आमचं बोलणं बंद. नाक मुठीत धरून, जिज्ञासाला सोबत घेऊन, बदलापूरला, शिरगावात तिच्या दारी गेलो.

तिने आत घेतलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, वयनी दर महिन्याला यायची. कमळाच्या विरजणाची वाटी गोजरकडे, गोजरच्या वेगळ्या विरजणाची कमळाकडे, पुढच्या महिन्यात उलट. एकच विरजण फार दिवस फिरवलं की थकतं, असं आमची आय सांगायची. कमळा होती तोवर, दहा वर्षं, दोघींनी मला पत्ता लागू दिला नव्हता.

जिज्ञासा ओट्याला टेकली. "आत्या, माझं यंत्र हेच करतं गं."

माझं डोकं मात्र भलतीकडेच अडकलं होतं. "कमळा गेली तेव्हा कुणाचं कुठे होतं?"

"तिचं माझ्याकडं," गोजर म्हणाली. "माझं तुझ्याकडं."

म्हणजे दोन वर्षं कमळाचं म्हणून मी चाटूनपुसून खाल्लं ते या बहिणीचं. मोठा आलो दही ओळखणारा! गोजरने कमळाच्या दह्याची वाटी पुढे ठेवली. चाखलं. खरं सांगतो, मला फरक कळला नाही. तरी डोळे भरून आले.

"तुझं माझ्या घरी बिघडलं," मी म्हणालो. "पण फेकलं नाही. पोरगी जगवतेय. जगलं की मी स्वतः घेऊन येतो."

गोजर वाटीचं झाकण पदराने पुसत राहिली.

"आणि नाहीच जगलं तर, दादूस?"

"तरी येईन," मी म्हणालो.