टायफॉइडशिवायची साक्ष

आमच्या अकोल्याच्या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तर ख्रिस्ती घरातल्यांनाही आधी वडीलमंडळींसमोर साक्ष द्यावी लागते. साक्षीचा साचा ठरलेला : आजार आला, मरणाचं भय वाटलं, प्रभूने हात दिला. गेल्या वर्षी मंडळीतल्याच शेखरकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून त्याला परत पाठवलं होतं. मला परत यायचं नव्हतं.

आईने माझ्यासाठी टायफॉइड निवडला. “दहावीत झाल्ता ना तुले? तोच सांगजो.”

“तो गोळ्यांनी बरा झाला, आई.”

“तुले बीएस्सी केलं तेच चुकलं!”

रविवारी उपासनेनंतर मी आतल्या खोलीत गेले. आई दाराशी थांबली. वडीलमंडळींतले सगळ्यांत ज्येष्ठ खुशालराव चष्म्यावरून बघत म्हणाले, “बोल, प्रतीक्षा. कोनत्या संकटातून आली?”

“कोनत्याच नाही, काकाजी.”

दारातून आईचा खोकला आला. त्याचा अर्थ टायफॉइड.

“मंग नरकाचं भेव वाटते?”

“नाही.”

“भेव नाही, संकट नाही. मंग बाप्तिस्मा काहून पायजे?”

उत्तर तयार होतं; बरेच दिवस तपासून पाहिलेलं. “प्रार्थनेत डोळे मिटले की वाटते, घरी कोनी आपली वाट पाहून राहिलं. रागवाले नाही, सोबत जेवाले. मंग मले हसू येते. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. मले तो आवडते, काकाजी. म्हनून.”

शेजारी बसलेल्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी खुशालरावांकडे पाहिलं. ते चष्मा काढून पुसू लागले.

“इतकी वर्षं मी माह्या काविळीची साक्ष सांगून राहिलो,” ते हळूच म्हणाले. “आवडते म्हनाचं सुचलंच नाही कधी.” मग मान वर करून म्हणाले, “येत्या रविवारी ये, पोरी. दुसरे कपडे आनजो, बाप्तिस्म्याच्या हौदातलं पानी थंड रायते.”

तेवढ्यात आई आतच आली. “म्हंजे असं सांगितलं तरी चालते? मले तवा कोनी सांगितलंच नाही!”

“तुमची साक्ष विंचवाची होती ना, भावनाबाई?” खुशालराव म्हणाले. “अजून ध्यानात आहे. मंडळी रडली होती.”

“चावलाच नव्हता तो,” आई म्हणाली आणि पदराने तोंड झाकून हसू लागली. “मलेबी प्रभू नुसता आवडेच.”

खुशालराव इतके हसले की पाळकसाहेबांना त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं.