वहीतली एक लालसरी

मित्रांनो, मी एक जुने लाकडी बदक आहे, असे लोक म्हणतात. मला स्वतःला मात्र ते अजून नीटसे उमगलेले नाही.

एका सुताराने दाराच्या चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवले, मेहुण्याच्या लाँड्रीवर खूण म्हणून टांगायला. घरात तांबडा रंग शिल्लक होता, म्हणून माझे डोके तांबडे. येणारेजाणारे म्हणत, "अगदी खरं वाटतं हो!" मी फुशारून जाई. पुढे लाँड्री बंद पडली, मी अडगळीत गेले आणि एका पुरात वाहत नदीत येऊन पुलाखालच्या लव्हाळ्यात अडकले.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला. थंडीत कुठून कुठून बदके आली आणि मला खेटून बसली. त्यांतल्या लालसरींची डोकी थेट माझ्यासारखी! मग मी कोण? उन्हाळा लागताच त्या उडाल्या. मीही जोर केला, पण जागची हलले नाही.

हिवाळ्यात रोज सकाळी काठावर एक सिस्टर येत. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. पुलापासून पंपघरापर्यंतचे पक्षी मोजायचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी दुर्बिणीतून मला पाहिले आणि वहीत बाकीच्यांपासून वेगळे लिहिले, 'पुलाखाली लालसरी, एक.' असे सहा हिवाळे, दर हिवाळ्याच्या यादीत एकदा, लिहिले. एवढा लेखी पुरावा असताना मी तरी शंका का काढावी?

यंदा त्यांचा भाचा सोबत आला. तो दातांचा डॉक्टर, आणि पक्षी मोजणाऱ्या मंडळाचा प्रमुखही.

"मावशी, ते लाकूड आहे."

"काहीतरीच! मान हलवतेय ती."

"पाणी हलतंय, मावशी." तो घुटमळला. "मंडळी म्हणतायत, हा पट्टा आता दुसऱ्या कुणाला द्यावा. तुझी नजर..."

"आणि मी हिवाळाभर काय करू रे? घरात बसून फरश्या मोजू?"

त्या पुन्हा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. एकदा, एकदाच पंख फडफडता आले असते तर! काहीही न करता मी त्यांना खोटे पाडले होते. मला फार लाज वाटली. सिस्टरांनी वही उघडली, सहाही ठिकाणी मला खोडले आणि वही भाच्यापुढे धरली.

"घे. तूच मोज आता."

भाच्याने मोजले. "तेरा लालसरी."

"चौदा. त्या लाकडाच्या आडोशाला एक झोपलेली असते. रोज असते."

"मावशी, तिथं काही नाहीये गं."

तेवढ्यात माझ्यामागून एक तांबडे डोके वर आले आणि झोपमोड झाल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले. भाच्याने दुर्बीण खाली घेतली, डोके खाजवले आणि वही मावशीच्या हातात परत दिली.

मित्रांनो, मी पक्षी नाही, हे आता वहीत पक्के झाले आहे. ती झोपाळू लालसरी मात्र अजून मलाच खेटून झोपते. तिला हे कसे सांगावे, मला कळत नाही. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे: कुणाची चूक सापडली तर खुशाल दाखवा, पण त्याच्या हातातली वही घाईने काढून घेऊ नका.