बाजेखालचं घमेलं

वॉटर पार्कच्या गेटवरच्या पहारेकऱ्यानं दोन्ही कॅन उचलले, उलटे केले, हलवून पाहिले. थेंबही पडला नाही.

"ये काय कू लाए अम्मा?" त्यानं विचारलं. "बाहर का पानी अंदर लाना मना है."

"पानी कहां है? खाली है," पंचशीला म्हणाली आणि पुढचं हिंदी न सुचल्यानं घरच्या बोलीवर आली. "आणायला न्हाई, न्यायला हाय."

पहारेकऱ्यानं भिंतीवरची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. बाहेरचं खाणं आणू नये, बाहेरचं पाणी आणू नये, सुती कपड्यानं पाण्यात उतरू नये. आतलं पाणी बाहेर नेऊ नये, असं मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. पाटी लिहिणाराला असं गिऱ्हाईक कधी भेटलंच नसावं.

"शाम कू देखेंगे," म्हणत त्यानं दोन्ही कॅन आपल्या खुर्चीखाली सरकवले.

तिचा नवरा शेषेराव तीन पावलं पुढं जाऊन, ही बाई आपली कुणी लागत नाही अशा चेहऱ्यानं उभा होता. उदगीरच्या तहसील कचेरीत कारकून माणूस. चारचौघांत आपल्याकडं कुणी बघितलं की त्याला आपलं काहीतरी चुकलं असंच वाटायचं. तीन वर्षांचा सिद्धू त्याच्या खांद्यावर होता. सहा वर्षांची विशाखा आईचा पदर धरून.

"लोकं बघायलेत," तो पुटपुटला.

"बघू द्या. त्यांच्या दारात टँकर येत न्हाई."

कॅन दिले होते सासूनं, गुणाबाईनं. बिदरला जाणारी पहिली एसटी धरायला सगळे निघाले, तर म्हातारी कॅन घेऊन दारात आडवी. "पाण्याच्या गावाला चाललाव. रिकामे येऊ नका." आता आईचा शब्द आणि त्यात पाण्याचा. शेषेराव काय बोलणार?

ही सहल तशी पाच वर्षं लांबलेली. हैदराबादच्या रस्त्यावर पाण्याच्या खेळांचं मोठं पार्क झालंय, हे कचेरीत कळल्यापासून शेषेरावनं घरात सांगून ठेवलं होतं, "उदगीरचा जिल्हा झाला की जाऊ." दर पंधरा ऑगस्टला आणि दर सव्वीस जानेवारीला उदगीरचा जिल्हा होणार अशी आवई उठायची. एका वर्षी तर कचेरीत पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी गाव उठलं ते लातूर जिल्ह्यातच उठलं. आणि यंदा खुद्द लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आलेली. अशात पंचशीलानं एके दिवशी भाकरी थापता थापता विषय काढला.

"बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला जोडून रजा टाका. पार्काला जाऊ."

"अगं, जिल्हा होऊ दे की."

"जिल्हा होईल तवा होईल. तवर लेकरांची लग्नं व्हतील."

शेषेरावला वाटलं, बायकोला हौस आली. तिनंही तसंच वाटू दिलं.

खरी गोष्ट चैत्रातली होती. टँकर आठव्या दिवशी आला होता आणि गल्लीतल्या बायांशी भांडून पंचशीलानं चार घागरी भरल्या होत्या. तीन आत नेल्या. चौथी विशाखानं उचलली, आईला मदत म्हणून. उंबऱ्याला पाय अडखळला आणि घागर अंगणात आडवी झाली. पंचशीलाचा हात मागंपुढं न बघता उठला. पाची बोटं डाव्या गालावर उमटली. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि मातीत मुरत चाललेलं पाणी ओंजळीनं गोळा करू लागली.

तेव्हापासून विशाखा पाण्याशी परक्या घरच्या पाहुण्यासारखी वागायची. अर्धा पेला प्यायची, उरलेलं माठात परत ओतायची. गुणाबाई नातवंडांना बाजेवर बसवून आंघोळ घालायची, बाजेखाली घमेलं. अंगावरून निथळलेलं पाणी सुंभाच्या विणीतून घमेल्यात, घमेल्यातलं पाणी आधी फरशीला, मग दारच्या लिंबाला. आंघोळ झाली की विशाखा ओल्या केसांनी खाली वाकून बघायची, घमेल्याबाहेर काही पडलं तर नाही ना. शेजारच्या मल्लम्मा म्हणायच्या, "किती गुणाची पोर हाय गं तुझी." पंचशीला हसायची आणि उजवा हात पदराखाली घ्यायची.

आत गेल्यावर आधी पाण्याचा आवाज आला, मग पाणी दिसलं. निळ्या हौदात पाणी, घसरगुंड्यांवरून पाणी, प्लास्टिकच्या हत्तीच्या सोंडेतून पाणी. शेषेराव भाड्याची चड्डी घालून सिद्धूसकट हौदात उतरला. सिद्धूला ना चैत्र माहीत ना टँकर. तो पहिल्या मिनिटात तिथला रहिवासी झाला. पंचशीला पिशव्या सांभाळत बाकावर बसली. विशाखा नायलॉनचे कपडे घालून हौदाच्या काठी, कोरडी फरशी बघून उभी राहिली.

"जा की गं. समदी लेकरं चाललीत."

"हे पाणी कुणाचं हाय?"

"समद्यांचं."

"मग रांग कुठं हाय?"

"हितं रांग नसती."

विशाखानं सगळीकडं नजर फिरवली. रांग नाही, घागरी नाहीत, कुणी कुणाशी भांडत नाही. तिचा काही विश्वास बसला नाही.

हौदाच्या मधोमध लोखंडी खांबांवर एक लाल बादली टांगलेली होती, गल्लीतल्या वीरण्णाच्या पिठाच्या गिरणीएवढी तरी असेल. वरून नळ चालू. ती भरत आली तशी कुठंतरी घंटी वाजली आणि पोरंच काय, बाप्ये माणसंही धावत तिच्याखाली जमली. बादली कलली. सगळं पाणी एकदम खाली आलं. एकच आरडाओरडा झाला, आनंदाचा.

त्यात एक किंचाळी वेगळी होती.

"सांडलं!"

विशाखा आईकडं वळली होती. डावा हात डाव्या गालावर. "म्या न्हाई, आई. म्या हात बी लावला न्हाई."

शेषेराव हौदातून हसला. "येडी हाय का गं? ती बादलीच तशी हाय!"

पंचशीला उठली. पिशव्या तशाच बाकावर टाकून भाड्याच्या कपड्यांच्या खिडकीशी गेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत साडीशिवाय तिला उंबऱ्याबाहेर कुणी पाहिलेलं नव्हतं. बाहेर आली ती गुडघ्यापर्यंतची काळी चड्डी आणि पिवळ्या माशांचा सदरा घालून. चड्डी खाली ओढावी तर सदरा वर जाई. दोन पावलं तिनं तसा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

"अगं! विशाखाची आई!" शेषेराव खोल बाजूला सरकून गळ्यापर्यंत पाण्यात बसला.

"हाका मारू नका. लोकांना कळंल, तुमची हाय म्हणून."

विशाखाच्या शेजारून जाताना तिनं लेकीचा हात धरला नाही. एकटीच बादलीखाली जाऊन उभी राहिली. पाणी घोट्याएवढं. वर बघितलं तर बादलीचं बूड दिसत होतं, त्यावर गंजाचा एक डाग. घंटी वाजली.

पाणी पोत्यासारखं अंगावर पडलं. श्वास अडकला, अंबाडा सुटला, नाकात पाणी गेलं. डोळे उघडले तेव्हा विशाखा चार पावलांवर होती. काठ सोडून पाण्यात आलेली, आणि वाकून आईच्या पायांखाली बघत होती.

"आई, खाली घमेलं न्हाई."

पंचशीलानंही वाकून बघितलं. तळाला जाळी होती आणि पाणी गुरगुरत तिच्यात चाललं होतं. "ही जाळी बघ. हेच घमेलं. हितून मोटारीनं परत वर जातंय."

"तेच पाणी?"

"तेच."

विशाखानं जाळीवर पाय ठेवून बघितला. पाण्याची ओढ तळव्याला लागली असावी. तिचा चेहरा थोडा सैल झाला. जवळच कुणाचा तरी प्लास्टिकचा मग तरंगत होता. पंचशीलानं तो भरून तिच्या हातात दिला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"सांड."

"कुठं?"

"माझ्या डोक्यावर."

विशाखा हातात मग धरून उभी राहिली. ती आईच्या तोंडाकडं बघत नव्हती, उजव्या हाताकडं बघत होती. ते ध्यानात आलं तसे पंचशीलानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक गुंतवले.

पहिल्यांदा थोडंसं पाणी पडलं, देवणी गायीच्या वासराला पाजावं तसं, जपून. मग थांबणं. नंतर अर्धा मग. पुन्हा थांबणं. तिसरा मग तिनं काठोकाठ भरला आणि हातांकडं न बघता आईच्या डोक्यावर उपडा केला. चौथ्याला ती हसली. समोरचा एक दात पडलेला, त्या खिंडीतून हसू बाहेर आलं. तेवढ्यात पार्कचा फोटोवाला आला आणि कुणाला न विचारता फोटो काढून गेला.

त्यानंतर विशाखाला पाण्याबाहेर काढायला शेषेरावला दोनदा रागवावं लागलं. तिसऱ्यांदा पंचशीला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. शेवटची एसटी हाय अजून."

निघताना पंचशीलानं तो फोटो विकत घेतला. पहारेकऱ्यानं आपण होऊन बागेच्या नळाची रबरी नळी आणली. "लिखेला नै, तो मना बी नै," म्हणत त्यानं दोन्ही कॅन तोंडोतोंड भरून दिले. परतीच्या वाटेवर विशाखा दोन्ही कॅनवर एकेक पाय ठेवून झोपली. गुणाबाईनं घरी ते पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. "जरा औषधाचा वास मारतंय. चालंल," म्हणाली आणि बाजेखाली घमेलं सरकवलं.

उदगीरचा जिल्हा अजून झालेला नाही.

नऊ वर्षांनी, जूनच्या एका सकाळी, विशाखा अकरावीसाठी लातूरला निघाली होती. होस्टेलची पेटी भरता भरता आईच्या साड्यांच्या घडीतून तो फोटो निघाला.

"आई! हाफपँट!" ती पेटीवर बसून हसत सुटली. "मैत्रिणींना दाखवते थांब."

"दाखव की. म्हणावं, आमची आई फ्याशनची व्हती." पंचशीला माठापाशी बसून तिची वाटेची बाटली विसळत होती. पाठमोरीच राहून तिनं विचारलं, "अजून काय याद हाय तुला त्या उन्हाळ्यातलं?"

"काय न्हाई गं. ते कॅन याद हायेत. बादली." विशाखानं फोटो उजेडाला धरला. "पण तू अशी हात मागं बांधून का बसलीस? पोलिसानं धरल्यावानी?"

बाटलीचं विसळणं थांबलं.

"थंडी वाजत व्हती," पंचशीला म्हणाली.

"मे महिन्यात?"

विशाखा हसतच उठली. माठातून पेला भरून घेतला, अर्धा प्यायली. उरलेलं पाणी माठात परत ओतलं, झाकण ठेवलं आणि फोटो पेटीत कपड्यांच्या तळाशी घातला. पेल्याकडं तिचं लक्षसुद्धा नव्हतं. हात आपला आपण सगळं करत होता.

पंचशीला त्या हाताकडं बघत राहिली. मग तांब्या माठात बुडवून तिनं बाटलीत पाणी ओतायला घेतलं. बाटली भरली. तिनं तांब्या सरळ केला नाही. पाणी बाटलीच्या तोंडावरून उतू आलं, तिच्या बोटांवरून घरंगळलं, फरशीवर पसरत पेटीपर्यंत, विशाखाच्या पायाच्या बोटांपर्यंत गेलं.

"आई, सांडलं."

"हाव," पंचशीला म्हणाली. "माझ्याच हातून."

विशाखा खाली पाण्याकडं बघत होती. मग तिनं आईकडं बघितलं. तिचा हात डाव्या गालाशी गेला, तिथली बट कानामागं सारून परत आला, आणि ती फडकं आणायला वळली.