साडूंचं टेबल

"बघा तरी! भाऊजींची कल्पना बघा," असं म्हणत बायकोनं मोबाइल नाकासमोर धरला, तेव्हा चष्मेवाले जेवत होते. घास गालात ठेवून त्यांनी फोटो पाहिला. फोटोत एक कूलर होता. कूलरवर लाकडी फळी, फळीवर फुलदाणी, फुलदाणीशेजारी जाडजूड इंग्रजी पुस्तक (साडूंनी ते वाचलेलं नव्हतं, वाचण्याचा धोकाही नव्हता) आणि या सगळ्यावर दिव्याचा पिवळा उजेड.

"कूलर आहे," चष्मेवाले म्हणाले.

"होता. आता साइड टेबल आहे. ताई म्हणाली, थंडीत नुसता जागा अडवून बसायचा. भाऊजींनी एका रविवारात कायापालट केला."

"आणि आपला काय करतो?"

"कोण आपला?"

"कूलर. थंडीत."

बायकोनं मान वळवून आतल्या खोलीत पाहिलं. पलंगाच्या उशाशी त्यांचा कूलर उभा होता. अंगावर जुना टॉवेल, टॉवेलवर पाण्याची बाटली, तिच्या गोळ्या, नेलकटर आणि बंद पडलेलं घड्याळ.

"ते होय," ती म्हणाली. "ते आपलं जुगाड आहे."

चष्मेवाल्यांनी घास गिळला. नीट चावायचा राहून गेला.

ते चष्म्याच्या दुकानात फिटर होते. दुकानाच्या पुढच्या भागात मालक डोळे तपासत, मागे पार्टिशनच्या आड चष्मेवाले काचा घासून फ्रेममध्ये बसवत. गिऱ्हाईक चष्मा डोळ्यांवर चढवून समोरची पाटी वाचून बघे आणि मालकांना म्हणे, "वा, काय चष्मा दिलात!" पार्टिशनच्या मागे ते ऐकू येई. उमेदवारीच्या काळापासून आता केस पिकेपर्यंत ऐकू येत होतं. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मालक ते मालक. पण साडू ते साडू. एकाच घरचे दोन जावई म्हणजे एकाच दुकानातून नेलेले दोन नग. कुठला चांगला निघाला, ही चर्चा होणारच.

खरी आग वेगळीच होती. मागच्या थंडीत साडू इथे आले होते. पुढच्या खोलीत बायकांच्या गप्पा रंगल्या म्हणून ते आत पलंगावर येऊन टेकले. चहा संपल्यावर रिकामा कप हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, "हा कुठे ठेवू हो, साडूभाऊ?" आणि चष्मेवाले स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते, "ठेवा की कूलरवर."

आता ते वाक्य परत घेता येत नव्हतं.

रविवारी दोघं नवरा-बायको टेबल बघायला गेले. जावं लागलं. साडूंनी पाहुण्यांना टेबलाच्या दोन्ही बाजूंनी फिरवलं. "एक दिवस असाच बसलो होतो," ते सांगू लागले, "विचार करत. आणि एकदम डोक्यात आलं."

एकदम म्हणजे कुठे बसलेले असताना, हे आता येईल म्हणून चष्मेवाले वाट बघत राहिले. दिव्याची माहिती आली, फळीची आली, ड्रिल मशिनची तर खूपच आली.

"आमच्याकडे तर कित्येक वर्षं," चष्मेवाल्यांनी सुरुवात केली. बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की वाक्याचा उरलेला भाग त्यांनी चिवड्यासारखा चावून टाकला.

"पण यांचा हात किती साफ आहे ना?" ताई फळीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाली. बायको म्हणाली, "हो गं." त्या "हो गं"नं चष्मेवाल्यांचा निर्णय झाला.

त्यांनी सुट्टी टाकली. सागवानी रंगाचं सनमायका आणलं, कडेला लावायला स्टीलची पट्टी आणली. बायको बाजारात गेल्यावर त्यांनी टॉवेल काढला, तर कूलरच्या पत्र्यावर टॉवेलच्या आधीच्या काळातले नुसते गोल. चहाच्या ग्लासचे तपकिरी, बाटलीचे गंजलेले, एकात एक अडकलेले. आता चिकटवायचं सोल्युशन धरायला पत्रा थोडा खरवडला तरी पुरतं. पण डाग दिसला की चष्मेवाल्यांचा हात थांबत नसे. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या काचांवरचे ओरखडेच घालवले होते. ते काचपेपर घेऊन बसले आणि शेवटचा गोल निघेपर्यंत उठले नाहीत. मग सनमायका चिकटवलं, पट्टी मारली. काम साडूंपेक्षा सरस झालं होतं. ते त्यांनी तीनदा लांबून आणि एकदा दाराआडून बघून ठरवलं.

पुढच्या रविवारी साडू आणि ताई आले.

"अय्या," ताई म्हणाली, "आमच्यासारखंच!"

"कॉपी का, साडूभाऊ?" साडू दिलदारपणे हसले. "असू द्या, असू द्या. आपलीच माणसं."

"कॉपी नाही. आमचं आधीपासून आहे."

"हो का? कधीपासून?"

चष्मेवाल्यांचा हात ऐटीत पुढे गेला. पुरावा दाखवायला. तो सनमायकाच्या कडेपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. पुरावा त्यांनी स्वतः घासून काढला होता, पॉलिश केल्यासारखा. आता साक्षीदार एकच उरला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"चहा घेणार ना अजून?" बायको साडूंना म्हणाली.

पाहुणे गेल्यावर ती कप गोळा करायला आत आली.

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

"तुला आठवत नाही?"

तिनं ट्रे पलंगावर ठेवला. सनमायकावर बोट टेकवलं. "इथे तुमचा ग्लास. ही इथे, माझी बाटली. आणि ह्या कोपऱ्यात मोठा गोल होता, पातेल्याचा. मला ताप होता तेव्हा पट्ट्या भिजवायला ठेवायचात ना, त्याचा." बोट तिथेच राहिलं. "घासायला नको होतंत."

"मग सांगायचंस ना त्यांना!"

"ताई किती वर्षांनी भाऊजींबद्दल बरं बोलतेय. मी त्यावर पाणी ओतू?"

हे चष्मेवाल्यांना पटलं. बरं मात्र वाटलं नाही. ताईचा संसार कसा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्यासाठी साडूंना टेबलही द्यायचं, हे जरा जास्तच होत होतं.

"आणि जुगाड का म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं?" तिला खरंच कळेना. "घरातलंच होतं ते. त्याला काय नाव द्यायचं?"

तिनं ट्रेमधला त्यांचा न प्यायलेला चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला, ट्रे उचलला आणि ती गेली.

चष्मेवाले पलंगावर बसले. काठोकाठ भरलेला ग्लास त्यांनी मुद्दाम जरा हिंदकळू दिला आणि तसाच, ओल्या बुडानं, सनमायकाच्या त्याच कोपऱ्यात ठेवला. पार गार होईपर्यंत त्याला हात लावला नाही. मग उचलला. खाली गोल उमटला होता, पूर्ण, कुठेही न तुटलेला. त्यांनी तो वाळू दिला. मग सहज अंगठा फिरवला. सनमायका उत्तम प्रतीचं होतं. एका पुसण्यात स्वच्छ झालं.