शम्मा म्हणजे तिथे

शहरातले निम्मे म्हातारे तिच्या हातच्या दातांनी हसत. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवत आणि घराच्या मागच्या खोलीत बसून ती त्यांवरून कवळ्या तयार करी. लोक तिला कवळीवाल्या ताई म्हणत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर ती म्हणे, "बत्तिशी जुळली नाही."

आई गेल्यापासून घरात ती आणि वडील, दोघंच. वडील आयुष्यभर पाळक होते. उंच, धिप्पाड माणूस, आणि आवाज असा की चर्चमधला माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकावर डुलकी घेणारा दचकून जागा व्हायचा. जुनी हिब्रू भाषा ते हौसेने शिकले होते. देवाची त्या भाषेतली नावं घ्यायची आणि एकेक उलगडून सांगायची, हा त्यांचा आवडता विषय. ताईने लहानपणी ती इतक्यांदा ऐकली होती, की पुढे पुढे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देई.

आता त्यांचंच सगळं सुटत चाललं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, मग माणसं. एका सकाळी त्यांनी ताईला मोठ्या अदबीने विचारलं, "आपण कोणाकडच्या?"

"तुमच्याकडचीच की," ती हसून म्हणाली, आणि आत जाऊन नळ सोडून रडली.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असे. तो फोनवर सारखा एकच टुमणं लावायचा. "ताई, तुमच्या इथे दिवसा म्हाताऱ्यांना सांभाळणारं केंद्र आहे ना? सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. एकटी किती ओढशील?"

"त्यांना तिथे कोण ओळखतं? मी दिसले नाही की कावरेबावरे होतात ते."

"आणि तू दिसलीस की ओळखतात का?"

यावर तिने फोनच ठेवला. पण खरं बोलल्याचा राग जरा जास्तच टिकतो. दिवसभर ती भांडी आपटत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी ते झालं. ती एका ठशात प्लास्टर ओतत होती. प्लास्टर एकदा कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही. भराभर ओतावं लागतं, बुडबुडे काढावे लागतात. वडील पुढच्या खोलीत खुर्चीत होते. मधे एकदा त्यांच्या चपलांचा आवाज आल्यासारखा वाटला. 'एवढं ओतून होऊ दे, मग बघते,' असं म्हणून तिने हात चालू ठेवला. बाहेर येऊन पाहते तर खुर्ची रिकामी आणि दार सताड उघडं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पांढऱ्या हातांनी, अंगातल्या ॲप्रनसकट ती रस्त्यावर धावली. चर्चला कुलूप होतं. बागेत नव्हते. पुलावर ती कठड्याला धरून उभी राहिली, पण खाली बघायचा धीर होईना. दिसेल त्याला विचारत सुटली, "उंच आहेत, करडा स्वेटर आहे." लोक माना हलवत. आणि चालता चालता ती मनातल्या मनात देवाशी कडाकडा भांडत होती. 'जन्मभर तुझी चाकरी केली त्यांनी. माझी नजर क्षणभर हलली, तर तुला तेवढा वेळही त्यांच्याकडे बघता आलं नाही?'

शेवटी औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "असे एक आजोबा डोळ्यांच्या दवाखान्यात शिरताना पाहिले."

वडील खरोखरच तिथे होते. ओळीने मांडलेल्या बाकांपैकी पहिल्यावर ताठ बसले होते. बाकांवर लोक गप्प बसलेले, पुढे पांढऱ्या कपड्यातली एक बाई उभी. त्यांना वाटलं असणार, उपासना सुरू व्हायची आहे. आणि दवाखान्यातल्या लोकांना वाटलं, हे पेशंटबरोबर आले आहेत. त्यांच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. डोळ्यांत औषध घातल्याने त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि वडिलांच्या हातात त्यांनी दिलेलं अर्धं बिस्किट होतं.

ताईच्या जिवात जीव आला, आणि लगेच रागही आला. "बाबा! अहो, सांगून तरी यायचं!"

"हळू बोला," वडील म्हणाले. "लोक बसलेत."

आजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तुमचे वडील का हे? त्यांना रागावू नका हो. आज माझं ऑपरेशन आहे. सकाळपासून हातपाय गार पडलेत. आत कुणाला सोडत नाहीत, सून बाहेरच बसणार. यांना मी म्हटलं, आत मी एकटीच. तर यांनी मला देवाचं एक नाव सांगितलं. काय हो ते?"

"यहोवा शम्मा," वडील म्हणाले. एवढं स्पष्ट तर ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

"तेच. लोकांना म्हणे परक्या मुलखात धरून नेलं होतं. शहर पडलेलं, मंदिर पडलेलं. सगळ्यांना वाटलं, देव मागेच राहिला. तेव्हा त्यांच्यातल्या एका संदेष्ट्याला नवं शहर दिसलं, आणि त्या शहराचं नावच ते होतं. परमेश्वर तिथे आहे."

"शम्मा म्हणजे तिथे," पोराला शुद्धलेखन सुधारून द्यावं तसं बोट हलवत वडील म्हणाले. "इथे नव्हे. तिथे."

"हो ना. म्हणजे मी आत जायच्या आधीच तो आत असणार," आजी म्हणाल्या. "भीती गेली असं नाही म्हणत मी. पण पाय जरा ऊबदार झालेत."

ताईच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर मत्सर. माझं नाव विसरलात आणि हे बरं लक्षात राहिलं! मग तिला स्वतःचंच हसू आलं. देवाशी कसली बरोबरी करायची?

घरी येताना वडील दोनदा रस्ता ओलांडायला विसरले आणि तिने दोनदा हात धरला. वाटेत ती त्या शब्दावर विचार करत राहिली. देव इथे आहे, यावर तिचा विश्वास कधीच डळमळला नव्हता. या घरात, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या हाताच्या अंतरावर. तिथे मात्र, जिथे ती नसेल तिथे, कुणीच नसतं असं धरून ती चालली होती. आणि वडील तर रोज अशा ठिकाणी जात होते जिथे तिला जाताच येत नव्हतं. शेजारच्या खुर्चीत बसूनसुद्धा.

तिने केंद्रात फोन केला.

पहिल्या दिवशी दारात वडिलांनी तिची बाही धरली. "तुम्ही आत येणार नाही?"

"संध्याकाळी येते, बाबा."

त्यांचा चेहरा हरवलेल्या लेकरासारखा झाला. केंद्रातल्या बाईंनी हळूच त्यांची बोटं सोडवली आणि दार लागलं. ताईला वाटलं, दार ठोठावावं आणि घेऊन जावं घरी. ती पायरीवर उभीच राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तू तिथे आहेस ना? मग लक्ष दे त्यांच्याकडे. स्वेटर काढू देऊ नकोस." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं, शेजारणीला घराची किल्ली देताना बोलावं, तसं ते बोलणं होतं. ती घरी गेली आणि कवळीत दात बसवत राहिली.

संध्याकाळी वडील दुसऱ्या एका आजोबांबरोबर वाटाणे सोलत बसले होते. तिला बघून त्या आजोबांना म्हणाले, "या बाई चांगल्या आहेत. येते म्हणाल्या की येतात."

सगळेच दिवस काही असे गेले नाहीत. एकदा ते इतके रडले की तिला दुपारीच बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने जीव मुठीत धरून त्यांना पुन्हा सोडलं.

महिन्याभराने भावाचा फोन आला. "कसं चाललंय?"

"बाबा तिथल्या आचाऱ्याशी भांडतात. चहा पातळ असतो म्हणे."

"आणि तू?"

"मी ना?" ताई म्हणाली. "काल भर दुपारी मी चक्क झोपले."