विळीचा पाट

प्रबोधने बगलेतली बाटली वर धरून पाहिली. झाकण ढिलं झालं होतं आणि त्याच्या इस्त्रीच्या पँटवरून एक पिवळी धार लिफ्टच्या फरशीवर उतरली होती. तेवढ्यात डोक्यावर भोंगा वाजला, लिफ्टला हिसका बसला आणि ती दोन मजल्यांच्या मध्येच थिजली.

"बोंबला," शशिकांतराव म्हणाले.

टॅम्पिनीसच्या सरकारी इमारतींमधल्या शेंबड्या पोरालाही हे यंत्र ठाऊक होतं. लिफ्टमध्ये कुणी लघवी केली की यंत्राला वास लागतो, दार उघडत नाही, आणि पोलीस येईपर्यंत माणूस आत पिंजऱ्यातल्या उंदरासारखा. पुढे पेपरात फोटो. प्रबोधच्या आईने सत्यनारायणासाठी पुण्याहून विमानाने धाडलेलं गोमूत्र अस्सल देशी गाईचं होतं, पण ते त्या यंत्राला कोण समजावणार?

पूजा शशिकांतरावांच्या घरी होती; मुलगा संकेत ऑस्ट्रेलियातून सुखरूप परत आला म्हणून. तोही आत्ता लिफ्टमध्ये मागे उभा होता. शशिकांतराव जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनियर. इंजिनरूमच्या पाइपातून वर चढून आलेल्या आणि डबाभर ग्रीस फस्त करून गेलेल्या ऑक्टोपसची हकीकत त्यांनी महाराष्ट्र मंडळात इतक्यांदा सांगितली होती, की ऑक्टोपसचा आकार आता खुद्द जहाजाएवढा झाला होता. पर्थमधल्या संकेतच्या कॉलेजचीही त्यांनी अशीच कहाणी रचली होती. त्या होस्टेलच्या अंगणात रोज एक कांगारू येत असे आणि वाळत घातलेल्या लुंगीशी खेळत असे.

खरं एवढंच, की संकेतने पर्थ कधी पाहिलं नव्हतं. मिलिटरीची सक्तीची नोकरी चालू असताना त्याला रातोरात इस्पितळात हलवलं होतं, मनोरुग्णांच्या कुलपाच्या वॉर्डात. गार्ड ड्युटीवर होता, हातात रायफल होती, पुढे काहीतरी झालं. काय झालं ते शशिकांतरावांनी डॉक्टरांना विचारलं नाही, पोराला तर नाहीच. त्यांच्या डोळ्यांपुढे संकेतने रोखलेली नळी यायची आणि नळीपुढच्या माणसाचा चेहरा दिसायच्या आत ते टीव्ही लावायचे.

तो घरी आल्यापासून विळी, सुऱ्या, दाढीची पाती, सगळं पलंगाखालच्या अवजारांच्या ट्रंकेत कुलपाआड गेलं होतं. किल्ली जानव्याला. विळीचा पाट मोडलाय, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. संकेतची आई जयवंतीबाई मुकाट्याने भाजी हाताने मोडत होत्या.

लिफ्टचा पंखा बंद पडला. प्रबोधने दार बडवून पाहिलं. रॅफल्स प्लेसच्या बँकेत तो साहेब होता, त्याच्या एका शब्दावर माणसं हलत. दार हललं नाही.

"येतील पोलीस," शशिकांतराव म्हणाले. "मघाशी खाली काय म्हणत होतात तुम्ही, प्रबोधराव?"

बोलतं ठेवलं तर माणूस घाबरत नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण विषय चुकीचा निघाला. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर एका माणसाने पस्तीस जणांना गोळ्या घातल्या होत्या. महिना होत आला तरी मंडळात दुसरा विषय नव्हता.

"तेच म्हणतोय. तिथलं सरकार लोकांच्या बंदुका काढून घ्यायला निघालंय. बंदूक काय करते हो? आमचा पोरगा रूपेश इथे मिलिटरीत रायफल घेऊन सराव करतो, संध्याकाळी मोजून परत देतो. वेड्यांना मोकळं सोडतात, खोट तिथे आहे. डोकं फिरलं की आत टाका. किल्ली समुद्रात." प्रबोधने कॉलर सैल केली. "तू तिथे होतास, संकेत. तुला काय वाटतं?"

संकेतच्या हातात नारळांची पिशवी होती. त्याने ती खाली ठेवली. "मला काय, काका."

"असं कसं? तुझ्या होस्टेलमध्ये कुणाकडे..." प्रबोधचा आवाज मध्येच कापला गेला. "हवा कुठून येते इथे? चीफसाहेब, हवा येतेय ना?" त्याने पुन्हा दार बडवलं, मग फटीत बोटं घातली. शर्ट पाठीला चिकटला होता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"काका, दाराकडे बघू नका," संकेत म्हणाला. "इकडे बघा. दार बाहेरूनच उघडतं. बघत बसलं की जास्त वेळ लागतो. खाली बसा. पाठ भिंतीला. दोन्ही तळवे फरशीवर... ओल्या बाजूला नको, इथे. फरशी थंड आहे ना?"

"आहे."

"मग फक्त फरशी."

प्रबोध बसला. शिट्टी हळूहळू उतरली. त्याने रुमालाने तोंड पुसलं.

"कुठे शिकलास रे हे?"

कांगारू शशिकांतरावांच्या जिभेवर आला. तिथले प्राध्यापक, योगाचा वर्ग, एक गोरा साधूसुद्धा तयार होता.

"बंद वॉर्डात," संकेत म्हणाला. "मी ऑस्ट्रेलियात नव्हतो, काका. इथेच होतो. इस्पितळात."

प्रबोधने पाय जवळ ओढून घेतले. लिफ्ट केवढीशी, तरी तो कोपऱ्यात आणखी सरकला.

"का? काय केलं होतंस?"

शशिकांतराव दाराकडे तोंड करून उभे राहिले. कान बंद करण्याची सोय देवाने ठेवलेली नाही.

"रायफल परत केली. गार्ड ड्युटीला दिली होती. सार्जंटला म्हटलं, आज ही माझ्याकडे ठेवू नका. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं."

"कुणाला मारणार होतास?"

"दुसऱ्या कुणाला नाही, काका."

 बाहेर बुटांचा आवाज आला, लिफ्ट हिसका देऊन मजल्याला लागली आणि दार उघडलं. चिनी पोलिसाने आधी प्रबोधची पँट पाहिली, मग बाटली.

"काऊ," प्रबोध म्हणाला. "फॉर गॉड."

"व्हाय गॉड वॉन्ट धिस, आह?"

एरवी या प्रश्नावर शशिकांतरावांनी पोलिसाला तासभर हलू दिलं नसतं. ते पिशवी उचलून पायऱ्यांकडे चालू लागले. नाव-पत्ता लिहून घेऊन पोलिसाने प्रबोधला सोडलं. कपडे बदलून येतो म्हणून तो गेला. संकेतकडे न बघता.

जयवंतीबाई स्वयंपाकघरात घेवडा मोडत होत्या. "एवढा उशीर?"

"लिफ्ट बंद पडली."

त्या पुढचं ऐकायला थांबल्या. पुढचं आलं नाही. शशिकांतराव आत गेले. ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. विळी घेऊन ते बाहेर आले आणि त्यांनी ती फरशीवर संकेतसमोर ठेवली. शेजारी नारळ फोडून त्याची एक वाटी ठेवली.

"आईला खवून दे."

संकेतने पाटावरून हात फिरवला. "मोडला होता ना?"

"नव्हता."

संकेत पाटावर बसला, पातं उभं केलं. जयवंतीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. शशिकांतराव खुर्चीत मुलाकडे पाठ करून बसले आणि त्यांनी पेपर उघडला. मागे खवणीची खरखर सुरू झाली. मध्येच ती थांबली. पेपराच्या कडा त्यांच्या मुठीत चुरगळल्या. मान वळली नाही. वाटी फिरवल्याचा आवाज आला आणि खरखर पुन्हा सुरू झाली.