एकाहत्तर डेसिबल

"अहो साहेब, हा आकडा ड्रिलचा आहे, वस्तीचा नाही!" आवाज मोजणारा तंत्रज्ञ टेबलावर ओणवाच झाला होता.

बंदराला लागून मालगाड्यांचं टर्मिनल होणार होतं. शेजारच्या वस्तीला त्याचा किती त्रास होईल, याचा अहवाल दुसऱ्या दिवशी जनसुनावणीत मांडायचा होता. तो मोजायला गेला त्या तिन्ही दिवशी गल्लीत रस्ता फोडत होते. तसा शेरा त्याने पानोपानी मारला होता. अहवालात आकडा तेवढा आला, शेरा गळाला.

"आधीच एकाहत्तर, गाड्या आल्यावर त्र्याहत्तर. फरक नगण्य," अहवाल करणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणाले.

"खरा चाळीसच्या आसपास असेल. पुन्हा मोजू द्या."

"वेळ कुठाय? बावीस वर्षं झाली तुम्हाला. कशाला डोक्याला ताप करून घेता?"

बावीस वर्षांत असे पुष्कळ शेरे त्याने गिळले होते. हा काही घशाखाली उतरेना.

सुनावणीत गल्लीच्या टोकाला राहणारी एक निवृत्त नर्स उठली. "माझा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय. तुमच्या कागदात तर आमचं घर म्हणजे कारखानाच झालंय!"

काहीजण हसले. तंत्रज्ञ कधी उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"बाई बरोबर बोलताहेत. मोजणी माझी आहे. तेव्हा ड्रिल चालू होतं."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही अहवालवाल्यांकडचे ना? इथे बोलता येणार नाही. लेखी द्या."

"कधीपर्यंत?"

"मुदत काल संपली."

बाहेर साहेबांनी थोडक्यात आटपलं. "उद्या यंत्र जमा करा. त्यानंतर तुम्हीही यायचं कारण नाही."

सकाळी यंत्र घेऊन निघालेला तंत्रज्ञ वाट वाकडी करून नर्सबाईंच्या दारात उभा राहिला. गल्लीत आता नवं डांबर होतं. त्याने खिडकीशी तिकाटणं उभं करून त्यावर यंत्र बसवलं.

"याचा काही उपयोग होईल का हो, दादा?"

"नाही, मावशी."

"मग?"

"माझ्या वहीत चुकीचा आकडा नको."

बाईंनी पंखा बंद केला. यंत्राच्या पडद्यावर बेचाळीस उमटले. त्याने वेळ टाकून ते लिहून घेतले.

थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "बोललं तर चालेल आता?"

"अजून दहा मिनिटं."

बाईंनी मान डोलावली आणि नवऱ्याच्या पलंगाशी, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या गप्प बसल्या.